मूलपेशींचे मूळ दुखणे

सांगलीची आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेली आठ-दहा वर्षे गुडघ्यांनी तिला हैराण केले आहे. जिना टाळायचा, जमिनीवर बसायचे नाही, देवळात जायचे तर रिक्षा थेट पायरीशी लावायची, ही सगळी पथ्ये ती निमूटपणे पाळते. गेल्या दिवाळीनंतर एके रात्री तिचा फोन आला. आवाजात बऱ्याच दिवसांनी उत्साह होता.

“अरे, तुझ्याच त्या पेशींचं औषध निघालंय म्हणे. मूलपेशी. पोटावरची थोडी चरबी काढतात, त्यातून मूलपेशी वेगळ्या करतात आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडतात. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. दोन्ही गुडघ्यांचे मिळून अडीच लाख. ठेव मोडू का?”

मी काही बोलायच्या आतच तिने स्वतःची समजूत घालून घेतली. “मूळ शाबूत असलं की वठलेल्या झाडालाही पालवी फुटते. हे तसंच असणार ना?”

माझी तीसेक वर्षे पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत गेली. याच पेशी मी वाढवल्या, मोजल्या, गोठवल्या आणि अनेकदा वायाही घालवल्या. तरीही आत्याच्या त्या एका वाक्याला मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण चूक तिची नव्हती. ‘मूलपेशी’ हा शब्द ऐकून कोणीही मराठी माणूस हेच समजेल. इंग्रजीतला ‘स्टेम सेल’ हा शब्द झाडाच्या खोडावरून आलेला. आपण तो भाषांतरात थेट मुळापर्यंत नेला. शिवाय ‘मूल’ म्हटले की लहान मूलही डोळ्यांपुढे येते. असा शब्द म्हातारपणाच्या दुखण्यावरचा उतारा म्हणून कानावर पडला, तर अडीच लाख फार वाटत नाहीत.

आज मला सांगायचे आहे ते एवढेच. आत्याला देऊ केलेल्या पेशींना शास्त्रज्ञ ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ म्हणतात. त्यांना ‘स्टेम’ हे नाव देणे ही एक चूक होती. ज्यांनी ते रूढ केले त्यांनी स्वतःच पुढे हे मान्य केले. पण नाव बाजारात टिकून राहिले आणि त्याची किंमत आत्यासारखी माणसे मोजत आहेत.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, दोन वेगवेगळी बिऱ्हाडे राहतात. पहिले रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे. १९६१ साली टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्यांचा ठावठिकाणा दाखवला. ल्युकेमियाच्या रुग्णाला दुसऱ्याचा मगज देतात तो याच पेशींच्या भरवशावर. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्यानंतर या उपचाराने देशातली कितीतरी मुले वाचली. या पेशींनी ‘मूल’ हे नाव कष्टाने कमावलेले आहे. त्या शरीरात शिरतात, मगजात जागा शोधतात आणि वर्षानुवर्षे नवे रक्त घडवत राहतात.

दुसरे बिऱ्हाड त्याच मगजातल्या आधार देणाऱ्या पेशींचे. घर एक, पण संसार वेगळा. रक्ताच्या पेशींना बसायला-वाढायला जागा या पेशी करून देतात. त्यांची पहिली नीट ओळख करून दिली ती मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी. ते गमलेया संस्थेत काम करत. कोविडच्या काळात रशियाच्या लशीमुळे आपल्याकडे घरोघरी ऐकू आलेले नाव ते हेच.

फ्रिडेनस्टाइन यांची युक्ती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते आणि ती इतकी साधी आहे की हसू यावे. गिनीपिगचा मगज काढायचा, त्यातल्या पेशी पोषक द्रवात विखरून बशीत ठेवायच्या आणि थांबायचे. रक्ताच्या पेशी द्रवात तरंगत राहतात. मोजक्या काही पेशी मात्र बशीच्या तळाला चिकटतात. द्रव बदलला की तरंगणाऱ्या वाहून जातात, चिकटलेल्या उरतात. दिवसागणिक त्यांची बेटे तयार होतात, चातीसारख्या निमुळत्या पेशींची. १९७०च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले की बशीत जितक्या पेशी पेराव्यात त्या प्रमाणातच बेटे उगवतात. म्हणजे एकेक बेट एकेका पेशीपासून वाढत असले पाहिजे. अशा बेटांतल्या पेशी प्राण्याच्या शरीरात पुन्हा रोवल्या तर तिथे हाड तयार होई आणि त्या हाडात यजमान प्राण्याचे रक्त येऊन वस्तीला राही. घर बांधणारी पेशी हाती लागली होती.

आता ही पेशी वेगळी कशी करतात ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण आत्याच्या अडीच लाखांचा हिशेब या तपशिलातच दडलेला आहे.

कमरेच्या हाडातून जाड सुईने मगज ओढून घेतात. तो एका दाट द्रवावर अलगद ओततात आणि नळी यंत्रात गरगर फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी वेगळे व्हावे तसे थर होतात. तांबड्या पेशी तळाशी जातात आणि मधे पांढरट, धुरकट असा एक पातळ पट्टा दिसतो. तो उचलून प्लास्टिकच्या सपाट बाटलीत घालायचा. वर पोषक द्रव. त्यात पूर्वी सर्रास वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रव मिसळत. आता माणसावर वापरायच्या पेशींसाठी बऱ्याच ठिकाणी मानवी रक्तबिंबिकांचा अर्क घेतात. मग इनक्युबेटर. तापमान ३७ अंश, म्हणजे आपल्या अंगाइतके, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर दमटपणा. दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा, तेव्हा चिकटलेल्या मूठभर पेशी राहतात. बाटलीचा तळ सत्तर-ऐंशी टक्के भरला की एका विकराने त्यांना सोडवून नव्या बाटल्यांत पसरायचे. भाताची रोपे काढून लावणी करावी तसेच हे काम आहे. दरवेळच्या लावणीला आम्ही ‘पॅसेज’ म्हणतो.

मूठभर म्हणजे किती? प्रौढ माणसाच्या मगजात दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एक पेशी. सुईने दहा कोटी पेशी काढल्या, तर त्यांत या साधारण एक हजार ते दहा हजार. उलट औषध म्हणून लागतात त्या किती पाहा. अमेरिकेत २०२४च्या डिसेंबरमध्ये या जातीच्या पेशींच्या पहिल्या औषधाला तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. मगज-प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्ण मुलाच्याच शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडलाही दाद देत नाहीत, अशा जीवघेण्या अवस्थेसाठी. त्याची मात्रा किलोमागे वीस लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. वीस किलोच्या मुलाला एका वेळी चार कोटी, आठ वेळा मिळून बत्तीस कोटी. हजारांवरून कोटींवर जायचे तर संवर्धनाला पर्याय नाही, आणि संवर्धनाला आठवडे लागतात. चरबीत या पेशींचे प्रमाण मगजापेक्षा बरेच जास्त असते हे खरे. पण ‘सकाळी काढतो, दुपारी सोडतो’ असे म्हणणारा काय सोडतो? त्या मिश्रणात रक्तपेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी असतात आणि आपली पेशीही असते. ती किती, जिवंत किती, हे त्या दुपारी बहुधा कोणी मोजलेले नसते.

आणि आठवडे दिले तरी सगळे सुरळीत होते असे नाही. एकदा आमच्या सहा आठवड्यांच्या बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसत होत्या. नेहमीची तपासणी केली तेव्हा त्यांत मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जंतू निघाला. तो द्रव गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, नुसता पेशींचा स्वभाव बदलत राहतो. सगळे फेकून द्यावे लागले. पेशींचे वयही मोजावे लागते. लावणीमागून लावणी झाली की त्या मंदावतात, पसरट होतात, शेवटी विभागणे सोडून देतात. एका दात्याच्या पेशी जोमाने वाढतात, दुसऱ्याच्या कुढत बसतात. बाटलीत वाढलेली पेशी म्हणजे शरीरातलीच पेशी, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. प्लास्टिकच्या कडक तळावर राहून ती बदललेली असते.

पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारखी संस्था देशभरच्या प्रयोगशाळांसाठी पेशींचे वाण जपते. ओळख पटवून, निर्जंतुकतेची खात्री करून, नोंदी ठेवून. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे फोटो छापून येत नाहीत. पण पेशी-उपचारांत विश्वासाला जागा असेल, तर ती या कंटाळवाण्या कामात आहे.

मग ‘स्टेम’ हे नाव आले कुठून? अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले प्राध्यापक अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली एका लेखात या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ म्हटले. गर्भात हाड, कूर्चा, स्नायुबंध घडवणारे जे सैलसर ऊतक असते, ते मेसेन्काइम. मोठ्या माणसातही त्याचे बियाणे उरले असावे आणि त्यातून हाड, कूर्चा, चरबी पुन्हा घडवता येईल, अशी ती सुंदर कल्पना होती. १९९९ साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी मानवी मगजातल्या या पेशींपासून बशीत तिन्ही घडवून दाखवले. २००१ साली पोटाच्या चरबीतही तशाच पेशी सापडल्या. पुढे नाळेत, दातांच्या गाभ्यात, जिथे शोधावे तिथे. एमएससी हे त्यांचे लघुरूप जगभर झाले. आपल्याकडे एमएससी म्हटले की पदवी आठवते, आणि पदवीसारखीच ती अनेकांनी पात्रता न तपासता लावली.

शास्त्रज्ञांना शंका आली नव्हती असे नाही. २००५ साली पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुचवले की यांना ‘स्टेम’ऐवजी ‘स्ट्रोमल’, म्हणजे आधार देणाऱ्या पेशी म्हणावे. २००६ साली तिने किमान तीन अटी घातल्या. पेशी प्लास्टिकला चिकटली पाहिजे. तिच्या अंगावर ठरावीक प्रथिनांच्या खुणा असाव्यात आणि रक्तपेशींच्या नसाव्यात. आणि बशीत तिच्यापासून हाड, चरबी व कूर्चा बनवता यावी. अटी कामाच्या आहेत. पण नीट पाहा, तिन्ही अटी बशीतल्या वागणुकीच्या आहेत. शरीरात ती पेशी काय करते याबद्दल त्यांत अक्षर नाही. बशीत रसायने घालून पेशीला हाडाकडे वळवणे वेगळे आणि झिजलेल्या गुडघ्यात जाऊन तिने आपणहून कूर्चा विणणे वेगळे.

शरीरात काय होते तेही हळूहळू कळू लागले. शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांशी फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि प्राण्यांवरील प्रयोगांत काही दिवसांतच दिसेनाशा होतात. तरीही कधीकधी गुण दिसतो. कारण जाता जाता त्या काही रेणू सोडतात, प्रतिकारशक्तीच्या पेशींना शांत करतात, दाह कमी करतात. म्हणजे ही पेशी नवा अवयव घडवणारी गवंडी कमी आणि निरोप पोहोचवणारी पोस्टमन जास्त. २०१७ साली खुद्द कॅप्लन यांनीच लेख लिहून आवाहन केले की हे नाव आता बदला; या पेशींना मूलपेशी म्हटल्याने रुग्णांची दिशाभूल होते. आद्याक्षरे ठेवून अर्थ तेवढा बदलावा, ‘मेडिसिनल सिग्नलिंग सेल’ म्हणावे, असे त्यांनी सुचवले. आपणच रूढ केलेले नाव मागे घ्यायला मोठे मन लागते. ते त्यांनी दाखवले. पण तोवर ते नाव जगभरच्या पाट्यांवर रंगवून झाले होते.

“स्वतःचीच पेशी, अपाय तो काय होणार?” हा युक्तिवाद आत्यानेही केला होता. २०१५ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात ७२ ते ८८ वर्षांच्या तीन बायकांच्या पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या. वयोमानाने दृष्टी मंदावली होती, त्यावर उपाय म्हणून, आणि पैसे घेऊन. काही दिवसांतच तिघींचीही नजर जवळजवळ गेली. २०१७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ही हकिकत छापून आली. पेशी त्यांच्या स्वतःच्याच होत्या.

अपाय झाला नाही तरी गुण किती? गुडघ्यांबद्दल बोलू. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. गुडघे झिजलेल्या सुमारे पावणेपाचशे रुग्णांत तीन प्रकार तपासले: मगजाचा अर्क, चरबीतल्या पेशींचे मिश्रण आणि नाळेतून वाढवलेल्या पेशी. तुलना होती कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाकडे मिळणाऱ्या साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी. वर्षभरानंतर तिन्हींपैकी एकही त्याच्यापेक्षा सरस ठरले नाही.

म्हणून या पेशी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मी माझीच तीस वर्षे मोडीत काढीन. वर सांगितलेले मुलांचे औषध खरे आहे. आपल्याकडे बेंगळुरूच्या एका कंपनीच्या संवर्धित पेशींना, पायांच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या बर्गर आजारासाठी २०१६ साली मर्यादित परवानगी मिळाली. गुडघ्यांसाठीही २०२२ साली मिळाली. या पेशी दात्यांच्या मगजातून वाढवलेल्या, मोजलेल्या आणि चाचण्यांतून गेलेल्या आहेत. तरीही परवानगी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. युरोपात क्रोन्स आजारातल्या भगंदरासाठी २०१८ साली मान्य झालेले असेच एक औषध, पुढच्या मोठ्या चाचणीत गुण दिसला नाही म्हणून २०२४ साली बाजारातून काढून घेतले गेले. शास्त्र असेच चालते. चुकते, मोजते आणि मागे येते. मागे येण्याची ही तयारी माहितीपत्रकांत नसते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांतले मूलपेशी-प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी वापर संशोधन म्हणून, रीतसर चाचणीत करायचा. आणि चाचणीत रुग्णाकडून पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. तरीही गुडघे, मधुमेह, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता अशा याद्या देणाऱ्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. स्वमग्न मुलाच्या आईबापांना मी काय दोष देऊ? ते दागिने मोडतात ते अज्ञानाने नव्हे, मायेने. आशा विकत घेणाऱ्याला शहाणपण शिकवणे सोपे असते. विकणाऱ्याला जाब विचारणे हे औषध प्रशासनाचे आणि वैद्यक परिषदांचे काम, आणि ते त्यांनी जाहिरातीपासूनच सुरू करायला हवे.

तोवर वाचकांनी स्वतःपुरते तीन प्रश्न लक्षात ठेवावेत. पेशी किती देणार, त्यांतल्या जिवंत किती आणि मोजल्या कोणी, हे लेखी मिळेल का? माझ्याच आजारासाठी औषध नियंत्रकांची परवानगी आहे का? आणि ही चाचणी असेल, तर तिचा नोंदणी क्रमांक काय आणि माझ्याकडून पैसे का घेता? नुसता नोंदणी क्रमांक दाखवला म्हणून औषध सिद्ध होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

एक काम आपल्या भाषेच्या हातात आहे. जगाने नाव बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. वर्तमानपत्रांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि डॉक्टरांनी या पेशींपुरता ‘मूलपेशी’ हा शब्द सोडावा आणि साधे ‘आधारपेशी’ म्हणावे. रक्ताच्या मूलपेशींना त्यांचे नाव राहू दे; त्यांनी ते कमावले आहे.

आत्याला मी त्या रात्री हे सगळे सांगितले नाही. नंतर सवडीने सांगलीला गेलो, तिच्यासमोर कागदावर एक लाखावर किती शून्ये ते लिहिले आणि त्यातली एक पेशी दाखवली. तिचे वजन, व्यायाम, आणि वेळ आलीच तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, यावर तिच्या डॉक्टरांशी बोललो. ती शांतपणे ऐकत होती. निघताना तिने विचारले, “मग तुम्ही लोक त्यांना म्हणता तरी काय?”

“आधारपेशी म्हणायला हवं,” मी म्हटले.

“आधीच तसं म्हणाला असतात,” आत्या म्हणाली, “तर मी ठेवीची पावती कपाटातून बाहेरच काढली नसती.”